भरतीच्या वेळची विश्रांती



माझे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावरच अधिक झाले. पाखरेही उशिरा, पुस्तक हाती धरूनच ओळखू लागलो. गेल्या आश्विनात एका दिवसात उरणचा किनारा, वाटेतला माळ आणि कर्नाळ्याचे रान पाहिले. माळावर टिटवी ओरडली. १९६८ पासून अभयारण्य असलेल्या कर्नाळ्यात लांब शेपटीचा भृंगराज दिसला. पण मनात राहिला तो किनारा.

ओहोटीने चिखल उघडा पडला, की तुतवार आणि चिखल्या त्यात किडे टिपू लागतात. यांतले पुष्कळ हिमालयापलीकडून आलेले. भरती आली, की त्यांची पाळी सुटते. मग मिठागरांच्या बांधांवर एका पायावर उभे राहून ते विसावा घेतात. मिठागर बुजवले, तर चिखल शिल्लक असूनही त्यांना पुन्हा पुन्हा उडावे लागते, आणि खाल्लेले उडण्यातच खर्च होते.

भराव घालणारे म्हणतात, ‘जागा रिकामीच आहे.’ आमच्या मालकांनाही कामगारांची विसाव्याची खोली रिकामी जागाच वाटे; तिच्यासाठी आम्ही संप केला होता. भरावाच्या कामावर पोट असलेली माणसे आमच्याच संघटनेत आहेत. म्हणून हा प्रश्न मला सोपा नाही. परंतु विश्रांती हा कामाचाच भाग आहे, असे आम्ही जन्मभर सांगत आलो. पाखरांची वेळ आली, की ते नाकारायचे कोणत्या तोंडाने?