घास लेकराच्या हाती द्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने बालसंगोपनावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी त्यातला एकच भाग घेते. ज्या लेकराचे पोट नाकातील नळीवर भरते, ते तोंडाने जेवू कसे लागते आणि त्या कामी आपण शेजारणी काय करू शकतो, एवढेच सांगणार आहे. माझ्या नातवाला सतरा महिने नळी होती, म्हणून या विषयाची थोडी माहिती झाली.

हा मुलगा एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन अकराशे ग्रॅम. दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एका तालात करण्याची शक्ती बाळाला साधारणपणे चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास येते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला अंगावर पाजू गेले तर दूध श्वासनळीत जाण्याचे भय असते. म्हणून नाकातून किंवा तोंडातून पोटापर्यंत बारीक नळी घालतात आणि आईचे दूध काढून त्या वाटेने देतात. दवाखान्यात तिला ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन रायल या इंग्रज डॉक्टरांचे ते नाव. त्यांनी ती योजली होती पोटातला रस तपासणीसाठी बाहेर काढण्याकरिता. आज तीच नळी असंख्य बाळांच्या पोटात दूध पोहोचवते. तेव्हा नळीला कोणी अवदसा म्हणू नये. तिनेच आमचे लेकरू जगवले.

बहुतेक बाळांची नळी काही दिवसांत किंवा आठवड्यांत निघते. आधी वाटी-चमच्याने, मग अंगावर, असा क्रम असतो. आपल्या घरोघरी पूर्वी बोंडले असे. तशाच चोचीच्या भांड्याने आज दवाखान्यातही दूध पाजतात. मात्र पाजण्याची रीत निराळी आहे. आपल्या आज्या बाळाला पायावर आडवे घेऊन, रडत्या तोंडात बोंडले रिकामे करीत. परिचारिका बाळाला उभट धरते, चोच ओठांशी टेकवते आणि बाळ स्वतः घोट ओढेपर्यंत थांबते. भांडे एकच, पण एका रीतीत दूध ओतले जाते आणि दुसरीत बाळ ते घेते. मला आज जे सांगायचे आहे, ते सारे या फरकात आले.

काही लेकरांची नळी मात्र लांबते. कोणाची फुप्फुसे दुबळी असतात, कोणाच्या मेंदूला इजा झालेली असते, कोणाची टाळू दुभंगलेली असते. आमच्या मुलाचा घोट श्वासनळीत उतरत होता, म्हणून तो नळीसहच घरी आला. अशा मुलाच्या तोंडाने आयुष्यात काय अनुभवले, याचा विचार करा. नळी घालताना घशाला बोचणे, गालावरची चिकटपट्टी ओढणे, खोकला आणि गुदमरणे. दूध तर पोटात आपोआप येते, त्यामुळे भूक लागली की तोंड हलवावे, हे त्याला ठाऊकच नसते. इंग्लंडातील शेफील्डचे बालरोगतज्ज्ञ इलिंगवर्थ यांनी १९६४ साली दाखवून दिले, की चावून खाणे शिकण्याचा एक ठराविक काळ असतो. तो टळला की घट्ट अन्न घेणे मुलाला फार जड जाते. म्हणून नळी असतानाच तोंडाची ओळख चालू ठेवावी लागते.

ती कशी ठेवावी, हे आम्हाला नागपूरच्या वाचोपचार तज्ज्ञ बाईंनी शिकवले. बोलणे शिकवणारी हीच मंडळी गिळणेही शिकवतात, हे मला तोवर माहीत नव्हते. पहिली गोष्ट, नळीने दूध देताना लेकरू मांडीवर उभट असावे, घरच्यांच्या पंगतीत असावे आणि त्याच्या तोंडात आईचे बोट किंवा चोखणी असावी. म्हणजे तोंड हलले की पोट भरते, हा संबंध त्याच्या मनात जुळतो. दुसरी गोष्ट, अन्नाशी खेळू द्यावे. ऑस्ट्रियातील ग्रात्स शहराच्या बालरुग्णालयात नळीवरच्या मुलांना एकत्र बसवून समोर नाना पदार्थ मांडतात आणि कोणीही भरवत नाही. मुले चिवडतात, फासतात, वास घेतात, केव्हातरी चाटतात. भगिनींनो, आपण याला अंगतपंगत म्हणतो!

आमच्या ओसरीवर आठव्या महिन्यापासून हाच कार्यक्रम चाले. वरणाची वाटी, ज्वारीच्या पिठाची मऊ पेज, दह्याची निवळी. पहिले दोन महिने त्याने फक्त बोटे बुडवली. मग बोटे गालाला लागली, मग ओठाला. सहा महिन्यांनी उष्टावण केले तेव्हाही मामाने अंगठी खिरीत बुडवून ओठांना लावली, तेवढीच. डॉक्टरांची परवानगी तेवढीच होती. आलेल्या बायांपैकी कितीतरी जणी हळहळल्या.

याच काळात एक शेजारीण मायेपोटीच, सून आत गेली असता, “काहून उपाशी ठेवता लेकराले?” म्हणून केळ्याचा घास त्याच्या तोंडात सारून गेली. मुलगा गुदमरला, ओठ निळसर झाले. सुदैवाने धोका टळला. पण पुढे पंधरा दिवस चमचा दिसला की तो मान फिरवी. दोन महिन्यांची कमाई एका घासात गेली. तिचे नाव मी घेणार नाही, कारण तिच्या जागी आपल्यापैकी कोणीही असू शकली असती. नाक दाबून, हात धरून, टाळ्या वाजवून भुलवत भरवणे हे आपल्याला प्रेमच वाटते. अशा मुलाला मात्र त्यातून भीतीच शिकायला मिळते.

तेरा महिन्यांचा असताना एके दुपारी त्याने आजोबांच्या ताटातल्या वरणात हात घातला, तोंडात नेला आणि पुन्हा हात पुढे केला. आपण होऊन मागितलेला तो पहिला घास! तेथून डॉक्टरांनी नळीचे दूध बेताबेताने कमी केले, म्हणजे त्याला भूक लागू लागली. दर आठवड्याला अंगणवाडीच्या काट्यावर वजन होई. मध्ये ताप आला तेव्हा नळीचे दूध पुन्हा वाढवावे लागले. त्याचे कोणी वाईट वाटून घेतले नाही. सतराव्या महिन्यात नळी निघाली.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. नळी आपल्या मनाने कधीही काढू नये, आणि मूल भुकेले करावे म्हणून दूधही आपल्या मनाने तोडू नये. नळीने देण्यापूर्वी ती जागेवर आहे ना, हे दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे प्रत्येक वेळी पाहावे. खाताना खोकला येणे, डोळ्यांत पाणी येणे, घशात घरघर किंवा आवाज ओला होणे, वरचेवर छाती भरणे, ही घोट चुकीच्या वाटेने जात असल्याची लक्षणे होत; तेथे थांबून डॉक्टरांना दाखवावे. पातळ पाणी सर्वांत सोपे, असे आपल्याला वाटते. पण कित्येक मुलांना तेच सर्वांत अवघड जाते, कारण ते घशात फार लवकर पळते. काय पातळ द्यावे नि काय दाट, हे तज्ज्ञांनी ठरवावे. काही मुलांना जन्मभर पोटावरच्या नळीनेच जेवावे लागते. त्यांच्या आयांनी कोठे कमी केले, असे मुळीच नाही.

दाखवायचे कोठे? यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला माहीत आहेच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासतात. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. आशाताई नवजात बाळासाठी बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात. त्यांना विचारावे, लाजू नये.

शेवटी मंडळापुढे तीन मागण्या ठेवते. अशा घरी गेल्यावर “अजून नळीच का?” हे विचारू नये, सुनेचे त्या प्रश्नाने जेवण उतरत नसे. दुसरी, बाळाला भरवण्याऐवजी आईला भरवावे. दर तीन तासांनी दूध देणाऱ्या बाईला स्वतःच्या भाकरीची शुद्ध नसते. तासभर तिच्या घरचे धुणे-भांडे कोणी उरकले, नागपूरच्या एस. टी.त सोबत केली, तर ते सोन्याच्या वाटीपेक्षा मोलाचे. तिसरी, महिन्यातून एकदा मंडळाच्या ओसरीवर लहान मुलांची अंगतपंगत करावी आणि त्यात नळीचे लेकरूही बसवावे. ते काही न खाता उठले तरी चालेल. इतर मुले खाताना ते पाहील, हात बुडवील, आणि आपण सर्वजणी आपले हात मांडीवर ठेवून बसू. आपल्याला सर्वांत अवघड तेच आहे, आणि त्या लेकराला हवे आहे तेही तेवढेच.