बमरोलीचे मराठी घर आणि कोरियन भाषा

सूरत शहराच्या दक्षिणेस, उधना-पांडेसऱ्याच्या अंगाला बमरोली आहे. यंत्रमागांचा खडखडाट हाच येथील रात्रंदिवसाचा सूर. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी सूरतेस आलेली अनेक कुटुंबे या परिसरात स्थिरावली आहेत. अशा घरातील मुलाच्या कानावर किती भाषा पडतात, हे मोजून पाहण्याजोगे आहे. आजीची अहिराणी, पुस्तकातील मराठी, बाजारातील गुजराती, मागावर खपणाऱ्या गंजामच्या कारागिरांची ओडिया आणि या सर्वांना सांधणारी हिंदी! त्यांत कोरियन मालिकांनी व गाण्यांनी तरुणांना लावलेला नवा छंद येऊन मिसळला, तर वडीलधाऱ्यांना ते खूळ वाटावे, हे स्वाभाविकच होय. परंतु ही भाषा दिसते तितकी परकी नाही.

'मी भात खातो' हे वाक्य कोरियन मनुष्य याच क्रमाने बोलतो. आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद. विभक्तीचे प्रत्ययही मराठीप्रमाणेच नामाच्या मागून लागतात. इंग्रजी शिकताना वाक्य उलटेपालटे करण्याचा जो त्रास होतो, तो येथे होत नाही. शिवाय क्रियापदाला लिंग नाही; 'जातो' आणि 'जाते' हा भेदच उरत नाही. कठीण आहेत ते उच्चार. 'पुल' म्हणजे विस्तव, ओठ घट्ट दाबून म्हटलेला 'प्पुल' म्हणजे शिंग आणि 'फुल' म्हणजे गवत! भाताला जो शब्द आहे, तो मराठी कानाला कधी 'बाप' तर कधी 'पाप' असा ऐकू येतो. मात्र 'जेवलात का?' असे विचारून क्षेमकुशल पुसण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

नात्यांच्या बाबतीत तर मराठी घराला तेथे ओळखीचे वारे लागते. इंग्रजीने एकाच शब्दात कोंबलेल्या मावशी आणि आत्या कोरियनमध्ये 'इमो' आणि 'कोमो' अशा वेगळ्या नांदतात. थोरल्या भावाला भाऊ 'ह्यॉंग' म्हणतो, बहीण 'ओप्पा' म्हणते. मराठीत दोघांनाही 'दादा' पुरतो. वयाचा व मानाचा विचार तर इतका सूक्ष्म, की समोरची व्यक्ती कोण हे ठरल्यावाचून क्रियापदाचा शेवटच ठरत नाही.

मराठी माणसाने हा देश पूर्वीही जवळून पाहिला आहे. कोरियन युद्ध थांबल्यावर, १९५३ साली, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ करण्यासाठी जी भारतीय फौज तेथे गेली, तिचे सेनापती कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात होते.

या भाषेचा खरा इतिहास तिच्या लिपीत आहे. पंधराव्या शतकापर्यंत कोरियात लेखन चिनी अक्षरांतून चाले आणि ते मूठभर विद्वानांच्या हाती असे. सामान्य जनांना आपले मनोगत लिहिता यावे म्हणून राजा सेजोंग याने नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ साली ती प्रसिद्ध केली. आज 'हंगुल' म्हणतात ती हीच. तिच्या मूळ व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात व कंठ यांच्या ठेवणीवरून घेतलेले आहेत. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी ज्याने बाराखडीबरोबर घोकली, त्याला त्यातील मर्म सांगावे लागत नाही. पंडितांनी मात्र तिला शतकानुशतके गावंढळ मानले. ती टिकली ती बरीचशी स्त्रियांच्या पत्रांत आणि कथांत. पुढे जपानी अमलात शाळांतून कोरियन भाषाच हद्दपार झाली. १९४२ मध्ये कोशाचे काम करणाऱ्या विद्वानांना अटक झाली, हस्तलिखित जप्त झाले. ते १९४५ साली सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. त्या कोशाचा पहिला खंड १९४७ मध्ये निघाला आणि सहावा १९५७ मध्ये.

हा इतिहास बमरोलीत वाचला जातो, तेव्हा त्याला निराळा अर्थ येतो. तेथील किती तरी मुले शाळेत अहिराणी तोंडातून निघू नये म्हणून जपतात. पाहुण्यांसमोर आजी बोलू लागली की ओशाळतात. याच खानदेशातील बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या व गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. ते पाहण्यास त्या स्वतः मात्र उरल्या नव्हत्या.

कोरियन शिकू पाहणाऱ्याला सोयी आज आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळांत शिकवता येतील अशा परकीय भाषांत तिचे नाव आहे आणि 'टोपिक' ही परीक्षा सहा पायऱ्यांची आहे. अक्षरे आठवड्याभरात येतात. उरलेल्या गोष्टींना वर्षे लागतात. हौशी विद्यार्थी प्रथम घरच्यांची नावे त्या लिपीत लिहून पाहतो. तेथे मराठीचा 'ळ' अडतो, कारण हंगुलमध्ये त्याला अक्षरच नाही. आजीचे काही अडत नाही. तिच्या बोलीत डोळ्याचा 'डोया' केव्हाच झालेला आहे.