अणूचे चित्र कोणी बदलले?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या अभ्यासिकेत मी मुलांना विज्ञान शिकवतो. परवा नववीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, पुस्तकात अणूची चार चित्रं आहेत. शेवटचं खरं असेल, तर बाकीची पाठ कशाला करायची?" मी क्षणभर गप्प झालो. त्या प्रश्नाचे उत्तर आज आपणा सर्वांसमोर देणार आहे.

पहिले चित्र जॉन डाल्टन यांचे. इंग्लंडमधल्या एका विणकराचा हा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षी तो शाळेत शिकवू लागला. १८०८ साली त्यांनी आपल्या ग्रंथात मांडले की, पदार्थ अणूंचे बनलेले असून अणू फोडता येत नाही. अणू म्हणजे जणू भरीव गोटी.

१८९७ साली केंब्रिजचे जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. हा कण हायड्रोजनच्या अणूपेक्षा जवळजवळ १,८०० पटींनी हलका आणि ऋण प्रभाराचा. म्हणजे अणूच्या आतही काहीतरी आहे! मग थॉमसन यांनी दुसरे चित्र मांडले. कलिंगडाच्या गरात बिया असतात ना, तसे धन प्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतलेले.

थॉमसन यांच्या हाताखाली न्यूझीलंडहून शिष्यवृत्तीवर आलेला एक विद्यार्थी शिकत होता. बारा भावंडांत चौथा, शेतावर वाढलेला. त्याचे नाव अर्नेस्ट रुदरफोर्ड. पुढे हे मँचेस्टरला प्राध्यापक झाले. तिथे १९०९ साली गायगर आणि अवघ्या वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. अंधाऱ्या खोलीत बसून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, पडद्यावरचे एकेक चमकणारे ठिपके त्यांनी मोजले. कलिंगडासारखा अणू असता, तर सगळे कण थोडेफार वळून आरपार गेले असते. बहुतेक गेलेही. पण सोन्याच्या पत्र्यावर सुमारे २०,००० कणांमागे एखादा कण पार वळला, काही तर उलटे फिरले!

यावरून १९११ साली रुदरफोर्ड यांनी तिसरे चित्र मांडले. अणूचे जवळजवळ सगळे वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात असते, बाकी बहुतेक पोकळी. सोन्याच्या अणूचे केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे धरले, तर अणू मोठ्या मैदानाएवढा होईल. गुरूंचे चित्र शिष्याने पुसले.

पण शिष्याच्या चित्रातही खोट होती. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन शक्ती गमावत आत कोसळायला हवा. मग आपण, ही भिंत, ही खुर्ची टिकतो कशी? १९१२ साली रुदरफोर्ड यांच्याकडे डेन्मार्कचा तरुण नील्स बोर आला. १९१३ साली त्याने सांगितले की इलेक्ट्रॉन ठराविक कक्षांतच राहतात. हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगीत रेषांचा हिशोब त्यामुळे जुळला. ते चौथे चित्र. रुदरफोर्ड यांनी शंका काढली, की एका कक्षेतून निघताना आपण कोणत्या कक्षेत थांबायचे, हे इलेक्ट्रॉनला कळते कसे? पण निबंध अडवला नाही. त्यांनीच तो छापायला पाठवला!

बोर यांचे चित्रही पुरले नाही. एकाहून जास्त इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंचा हिशोब त्यातून जुळेना. १९२६ साली श्रोडिंगर यांच्या समीकरणानंतर कक्षा गेल्या. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते, असे ठरले. १९३२ साली रुदरफोर्ड यांचेच शिष्य चॅडविक यांनी केंद्रकातला न्यूट्रॉन शोधला.

तर बाळांनो, चारही चित्रं शिकायची ती एवढ्यासाठी. मोठ्या माणसाचे म्हणणे कुठे कमी पडले आणि ते कशाने कळले, हे त्यातून समजते. थॉमसन लहान ठरले नाहीत. त्यांच्या इलेक्ट्रॉनशिवाय पुढचे एकही चित्र निघाले नसते. आणि नुसते 'मला पटत नाही' म्हणून कोणी चित्र बदलले नाही. ठिपके मोजावे लागले, हिशोब जुळवावा लागला.

आयाबायांनो, तुम्ही शाळेत गेला नसाल तरी चालेल. लेकरू अभ्यासाला बसलं की एवढंच विचारा, "हे कशावरून कळलं रे?" आणि त्याने उलट प्रश्न केला, तर त्याला 'गप बस' म्हणू नका.