जड पुस्तक सुटीतच वाचावं



मे महिना जवळ आला, की माझ्याकडे एक मागणी हटकून येते. 'काकू, चार दिवस बाहेर चाललोय, एखादं पुस्तक द्या ना. पण हलकंफुलकं हं, डोक्याला ताप नको!' मागणारे आमच्याच सोसायटीतले असतात. आम्ही माजिवड्याला राहतो. सोसायटीच्या कार्यालयात महिन्यातून दोनदा आम्ही दहा-बाराजण जमतो आणि काय वाचलं ते एकमेकांना सांगतो. तेवढ्या भांडवलावर मी पुस्तकांची जाणकार ठरले आहे. तर मागणाऱ्याला मी हलकं पुस्तक देते, पण माझं मत नेमकं उलटं आहे, आणि ते आज तुम्हाला सांगणार आहे. हलकं पुस्तक रोजच्या धबडग्यात वाचावं आणि जड पुस्तक सुटीसाठी राखून ठेवावं.

हे मत लोकलच्या डब्यात तयार झालं. चौतीस वर्षं मी ठाण्याहून फोर्टातल्या कचेरीत गेले. आधी माजिवड्याच्या नाक्यावर बसची वाट पाहायची. हा नाका म्हणजे तीन वाटांचं तोंड. एक वाट मुंबईला जाते, एक नाशिकला, एक घोडबंदरला. आता तिथं उड्डाणपूल आहे, मेट्रोचे खांब आहेत, पण धूळ तीच. मग स्टेशन, मग गाडी, आणि नशिबानं बसायला मिळालंच तर पाऊण-एक तास वाचन. त्या तासात चिं. वि. जोशींचा चिमणराव फार उत्तम चालतो. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' तर जणू लोकलसाठीच लिहिली आहे. एक प्रकरण काढावं, घाटकोपरपर्यंत मनातल्या मनात हसावं, दादरला गर्दी अंगावर आली की मिटून ठेवावं. कुठंही थांबलं तरी काही बिघडत नाही.

पण 'बलुतं' असं वाचता येत नाही. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ साली आलं. मी ते गाडीतच उघडलं. लेखक मुंबईतल्या कावाखान्यातले दिवस सांगतो आहे, आपण त्याच्याबरोबर त्या खोल्यांत उभे आहोत, आणि तेवढ्यात मशीद बंदर येतं. पुस्तक पिशवीत, पिशवी खांद्यावर, आणि दहा मिनिटांनी टेबलावर व्हाउचरांचा गठ्ठा. आकडे जुळवायचे आणि मनात ते सगळं तसंच उघडं. दोन दिवसांनी मी ते बाजूला ठेवलं आणि दिवाळीच्या सुटीत सलग वाचून काढलं. तेव्हा लक्षात आलं, की अशा पुस्तकाला दोन वेळा द्यावे लागतात: एक वाचण्याचा, आणि दुसरा वाचून झाल्यावर भिंतीकडे बघत बसण्याचा. पहिला आपण कसाबसा काढतो. दुसरा सुटीशिवाय मिळत नाही.

पुस्तकाच्या जाडीवरून त्याचं वजन ठरवू नये, हेही सांगायला हवं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' हाती घेतलं तर अगदी चिमुकलं. बोटीवरचा प्रवास, एक मराठी तरुण, एक परदेशी तरुणी. सुटीतली प्रेमकथा समजून कुणीही खुशाल बॅगेत टाकील. ती कादंबरी १९३९ सालची. जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू त्या बोटीवर आहेत आणि त्यांना उतरवून घेणारं बंदर नाही. नायक मुंबईला उतरतो. हर्टा पुढं जाते, आणि तिचं काय होतं ते ज्यांनी वाचलं आहे त्यांना मी आठवण करून द्यायला नको. दुपारच्या जेवणानंतर सुरू केलं तर संध्याकाळच्या चहापर्यंत संपतं. तो चहा मात्र बराच वेळ समोर तसाच राहतो.

आणि गंमत पाहा. मोठ्यांना दुःखाची पुस्तकं नकोत म्हणणारे आपणच दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मे महिन्यात 'श्यामची आई' देतो. साने गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. पुस्तक १९३५ साली निघालं. त्यात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाकडून होणारा अपमान आहे, आणि शेवटी आईचं जाणं आहे. आत्र्यांच्या सिनेमामुळे ती घरोघरी पोचली आणि आपण तिला संस्कारांचं पुस्तक म्हणून कपाटात बसवलं. मुलं मात्र ते संस्कारांसाठी वाचत नाहीत. ती रडण्यासाठी वाचतात, आणि आजोळच्या माजघरात, आजी जवळ असताना रडून घेतात. रडायला एवढी चांगली जागा शाळेच्या दिवसांत कुठली मिळणार?

आमच्या बैठकीत खरा वाद झाला तो सुनीताबाईंच्या 'आहे मनोहर तरी'वरून. १९९० साली हे पुस्तक आलं तेव्हा जशी माणसं बिथरली होती, तशीच आमच्याकडेही तीस-पस्तीस वर्षांनी बिथरली. एक गृहस्थ म्हणाले, 'अपूर्वाई वाचून आम्ही जो आनंद घेतला, त्यावर हे विरजण कशाला?' त्यावर त्यांच्या सौभाग्यवतीच म्हणाल्या, 'त्या प्रवासात सामान कोण बांधत होतं, ते तुम्हाला कळायला नको?' तो वाद मिटला नाही आणि मिटावा असं मला वाटतही नाही. मी दोन्ही पुस्तकं एकाच सुटीत, एकापाठोपाठ एक वाचली आहेत. दोन्ही शाबूत राहिली.

आता ज्या पुस्तकासाठी आज बोलायला बसले, त्याकडे येते. गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. प्रकाशन १९७०, साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७२. ठाणे जिल्ह्यातल्या माणसानं निदान एकदा तरी ते वाचलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. जिल्हा २०१४ साली विभागला गेला आणि ती गावं आता पालघरमध्ये मोडतात, म्हणून आपली सुटका होत नाही.

गोष्ट सुरू होते आपल्या ओळखीच्या टिटवाळ्याला. अंगारकीला आपण जिथं रांगेत उभे राहतो, त्या टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली होती. तिथं उंबरगावकडचे काही वारली आले होते. त्यांनी आपल्याकडची परिस्थिती सांगितली आणि गोदूताई व शामराव परुळेकर त्या भागात गेले. काय होतं तिथं? वेठ होती. जमीनदाराच्या शेतावर बोलावलं की आपलं शेत सोडून जायचं आणि फुकट राबायचं. नाही म्हटलं तर मार. आणि लग्नगडी नावाचा एक प्रकार होता. लग्नासाठी थोडेसे पैसे काढायचे आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबत राहायचं. कर्ज फिटायचं नाही आणि गडीपणही संपायचं नाही. लग्न हा शब्द आणि गुलामी एकाच जोडशब्दात, हे वाचताना अंगावर काटा येतो.

पुण्यात वाढलेली, कायदा शिकलेली ही बाई त्या रानात पायी हिंडली, झोपड्यांत राहिली. ती हे सगळं आक्रस्ताळेपणा न करता सांगते. माणसं आधी तिच्याशी बोलत नाहीत, मग कुजबुजतात, मग एक दिवस हजारोंनी जमतात. तलासरीजवळच्या झरी गावी मे १९४५ मध्ये ती सभा झाली. वेठ करायची नाही, बारा आण्यांखाली मजुरी घ्यायची नाही, असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात वारली मारले गेले. हे आपल्या दाराशी झालं. स्वातंत्र्य अवघ्या दोन वर्षांवर असताना झालं.

हे पुस्तक मी वाचलं ते डहाणूजवळ बोर्डीला. दिवाळीनंतरचे तीन दिवस आम्ही काहीजण तिथं गेलो होतो. रस्ता आमच्या माजिवड्याच्या नाक्यावरूनच जातो: घोडबंदर, मग अहमदाबादचा महामार्ग, मनोर, चारोटी, तिथून डावीकडे डहाणू. सुटीतली माणसं ज्यासाठी तिथं जातात ते सगळं होतंच. सुरूची बनं, ओहोटीला दूरवर जाणारा समुद्र, घोलवडचे चिकू. सकाळी सगळे किनाऱ्यावर गेले की मी व्हरांड्यात वाचत बसायची. पहिल्या दिवशी मैत्रिणी म्हणाल्या, 'अगं, सुटीत हे काय घेऊन बसलीस?' दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, 'पुढं काय झालं?' रात्री मी त्यांना मोठ्यानं दोन प्रकरणं वाचून दाखवली.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. चारोटीपर्यंत रस्त्याकडेला डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बाया दिसत होत्या. येतानाही त्या असणारच. येताना आम्ही गाडीत भेंड्या लावल्या होत्या. वारली चित्रांच्या पिशव्या आणि किचेनी आम्हा सगळ्यांनी विकत घेतल्या होत्या. गाडीत कुणीतरी ती पिशवी हातात धरून विचारलं, 'या चित्रातली ही गोल फेर धरून नाचणारी माणसं, त्यांचे आजे त्या झरीच्या सभेत असतील का गं?' असतील, नसतीलही. पण हा प्रश्न लोकलमध्ये वीस-वीस पानं वाचून कुणाला पडला नसता. त्याला तो रस्ता हवा होता आणि रिकामं डोकं हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली दुसऱ्याची दुःखं. आपलंच घर दुःखात असेल तेव्हा काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी सरसकट काही सांगणार नाही. एकच पाहिलेलं सांगते.

आमच्या समोरच्या विंगमधल्या एक ताई. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनानं त्यांचे यजमान आठ दिवसांत गेले. शेवटची भेटही नाही. पुढचं वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना पुस्तकं आणून दिली. निम्मी विनोदी आणि निम्मी अध्यात्माची. सगळी टीपॉयवर, न उघडलेली. एक दिवस त्या स्वतःच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, 'ज्यात कुणाचा तरी नवरा जातो असं पुस्तक आहे का तुमच्याकडे? पण बाई शहाणी हवी. रडूबाई नको.'

मी क्षणभर गप्प झाले आणि मग लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढून दिलं. त्या मागणीला मराठीत याहून चोख उत्तर मला तरी ठाऊक नाही. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले आणि लक्ष्मीबाईंच्या आठवणी चार भागांत प्रसिद्ध झाल्या त्या १९३४ पासून पुढं. नवरा धर्मांतर करतो, वर्षानुवर्षं ताटातूट होते, पुन्हा संसार मांडला जातो, साथी येतात, माणसं जातात. आणि हे सांगणारी बाई वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाच्या हकिकतींनी सुरुवात करते, आणि आपण हसून बेजार होतो. तिचं हसू आणि तिचं दुःख वेगळ्या खणांत ठेवलेलं नाही. टिळकांवर ती चिडते, त्यांची थट्टा करते, आणि ते गेल्यावरही त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही.

ताईंनी ते पुस्तक चार महिने ठेवलं. मग आमच्या बैठकीला पहिल्यांदा आल्या. पुस्तकाबद्दल फारसं बोलल्या नाहीत. टिळक घरातल्या वस्तू कुणालाही देऊन टाकायचे, त्यावरून यजमानांची एक गोष्ट सांगितली. त्यांनी घरातला नवाकोरा प्रेशर कुकर कुणा सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात परस्पर देऊन टाकला होता. आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या. मग डोळे पुसले आणि विचारलं, 'पुढच्या वेळी काय वाचायचं ठरलंय?'

यावरून प्रत्येक दुःखी माणसाच्या हाती 'स्मृतिचित्रे' द्यावं, असं कुणी समजू नये. आमच्यातल्याच एका आजींना यजमान गेल्यावर दोन वर्षं फक्त गुप्तहेरकथा लागत होत्या, आठवड्याला तीन. त्यांना त्या लागत होत्या, आणि आम्ही आणून देत होतो. माणसानं मागितलेलं पुस्तक द्यावं. आपल्या मनातलं त्याच्या गळ्यात मारू नये.

पुस्तकं आणायची कुठून, हाही प्रश्न असतो. घरात जागा नाही आणि किमती वाढलेल्या. पण आपला भाग याबाबतीत भाग्यवान आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली स्थापन केलं, तेही केवळ मराठी पुस्तकांसाठी. वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटाशी ताडून पाहा आणि मग ठरवा. सुटीत गावाला जाताना मुदतीचा घोटाळा होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशीच पुस्तक बदलून आणावं.

यंदा माझ्या बॅगेत काय आहे, ते सांगून थांबते. कोकणात आठ दिवस जायचंय. 'झाडाझडती' घेतलं आहे. विश्वास पाटलांची ही धरणग्रस्तांची कादंबरी इतकी वर्षं राहूनच गेली होती. जोडीला भा. रा. भागवतांचा एक फास्टर फेणे आहे. तो नातवासाठी, असं घरी सांगितलंय. आणि कालच आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा, कॉलेजात जाणारा, दारात उभा राहून म्हणाला, 'काकू, चौघं मित्र बोर्डीला चाललोय. ते वारल्यांचं पुस्तक आहे का घरात?'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)