पाठची बहीण घरी येते तेव्हा

(कोपरखैरणे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी अंदाजपत्रकावर बोलेन अशी तुमची अपेक्षा होती. तीस वर्षे सार्वजनिक वित्तव्यवहार शिकविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करणार? परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक घटना घडली आणि तिने मला ज्या जमाखर्चाची ओळख करून दिली, तो मी कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचलेला नव्हता. आज त्याविषयीच बोलणार आहे. विषय घरगुती आहे, आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत घरगुती विषय काढण्याची आपल्याकडे चाल नाही. ती असावयास हवी होती.

माझी मुलगी आणि जावई आमच्याबरोबरच येथे कोपरखैरण्यात राहतात. मुलीचे दुसरे बाळंतपण एकतिसाव्या आठवड्यातच झाले. मुलगी झाली, वजन एक हजार तीनशे पन्नास ग्रॅम. जन्मताच तिला विशेष कक्षात नेण्यात आले. आपल्या बायका म्हणतात, 'बाळाला काचेत ठेवलंय.' ती अडतीस दिवस काचेत होती. पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते अशी आपल्या लोकांची समजूत. आमच्या नातीची पाचवी रात्र यंत्रांच्या टिकटिकीत आणि निळ्या दिव्याखाली गेली, आणि तिच्या उशाशी जे काही लिहिले जात होते ते पाळीवरची परिचारिका तासातासाला लिहीत होती.

मला आज सांगावयाचे आहे ते त्या बाळापेक्षा तिच्या साडेपाच वर्षांच्या थोरल्या बहिणीविषयी.

या मुलीने आईला पोट धरून रात्री दोन वाजता घराबाहेर पडताना पाहिले होते. त्यानंतर आई चार दिवसांनी परतली, पण हात रिकामे. पुढे रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन आई जाई आणि रात्री परत येई. आम्ही मोठी माणसे तिला सांगत राहिलो, 'बाळ लवकरच येणार हं.' रोज तेच. ती रडली नाही, हट्ट केला नाही. आम्हांला वाटले, किती समजूतदार पोर! आठवड्याभरात ती अंथरूण ओले करू लागली. बाहुलीला प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण लावून ठेवू लागली. बाराव्या दिवशी रात्री माझ्याजवळ निजली असताना तिने अंधारात विचारले, 'आजोबा, मी म्हटलं होतं ना मला बाळ नको, म्हणून ते तिकडेच ठेवलंय का?'

साथींनो, बारा दिवस हे पोर मनात एक अपराध बाळगून हिंडत होते आणि पाच सुशिक्षित माणसांच्या घरात तो कोणाच्या ध्यानात आला नाही. 'नको' या शब्दाचे सामर्थ्य आपल्या समाजाने मुलींना फार लवकर शिकविले आहे. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नाव लावून जगणाऱ्या दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, हे तुम्हांला आठवत असेल. आमच्या नातीने तो शब्द केवळ रुसून उच्चारला होता; परंतु त्या वयात शब्द आणि घटना यांच्यामध्ये अंतर नसते. त्यात आमच्याकडे बघायला येणाऱ्या एका वयस्क बाई तिच्यादेखत 'पायगुण' हा शब्द उच्चारून गेल्या. कोणाचा पायगुण हे त्यांनी सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन रुग्णालयात गेलो. दारावरच्या रक्षकाने फलक दाखविला : बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने त्या नियमाला अर्थ आहे आणि मी वाद घातला नाही. परंतु कक्षाच्या दाराला काच होती, पडदा सरकविला तर आतले पाळणे दिसत होते. काच माझ्या छातीच्या उंचीवर होती. मी नातीला उचलून घेतले. 'इथे उभे राहू नका,' असे सांगण्यात आले.

याच दाराबाहेरच्या बाकावर मला आपल्या कोपरखैरण्याच्याच माथाडी वसाहतीतला एक गृहस्थ भेटला. मूळ पाटण तालुक्यातला, कांदा-बटाटा बाजारात टोळीत काम करणारा. त्याचा दुसरा मुलगा आत होता, एक किलोहून थोडा अधिक. थोरला चार वर्षांचा. त्याला त्याने पहिल्याच दिवशी गावी आजीकडे धाडून दिले होते. मी सहज म्हणालो, 'बरे केलेत.' तो म्हणाला, 'बरं कसलं सर, आई कुठं गेली म्हणून फोनवर विचारतोय, आणि आता तर फोनवर येईनासाच झालाय.' टोळीचा हिशेब तुम्हांला ठाऊक आहे : जो पोती उचलतो त्याच्या नावे हिस्सा पडतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने या माणसाला मंडळ दिले, भविष्यनिर्वाह निधी दिला, आणि तो कायदा ही महाराष्ट्राच्या श्रमिक चळवळीची फार मोठी कमाई आहे. परंतु अडतीस दिवस बाकावर बसण्याचा मेहनताना कोणत्याही कायद्यात नाही. त्याच्या टोळीने आठवड्याचे दोन दिवस त्याचे काम आपसांत वाटून घेतले आणि हिस्सा त्याचा त्याला दिला. बाकीचे पाच दिवस त्याने पोतीही उचलली आणि रात्री बाकही धरला.

आता हिशेबाकडे वळतो, कारण तो माझा विषय आहे. १ जून २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात अर्भकाचे औषधपाणी, तपासण्या आणि वाहतूक मोफत आहे. प्रथम तीस दिवसांपर्यंत होते, पुढे ती मुदत एक वर्षापर्यंत वाढली. देशात असे विशेष कक्ष आज सुमारे हजार आहेत. २०२० साली जगात सुमारे एक कोटी चौतीस लाख बालके मुदतीपूर्वी जन्मली, त्यांतली तीस लाखांवर भारतात. ज्यांनी या कक्षांसाठी पैसा आणि प्रतिभा वेचली त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण 'मोफत' या शब्दाकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नेहमी संशयाने पाहावे. खाट मोफत, त्या खाटेशेजारी कोणी तरी असावे लागते, त्याची मजुरी मोफत नाही. घरी राहिलेल्या थोरल्याला कोणी तरी सांभाळावे लागते, तो सांभाळही मोफत नाही. हा खर्च राज्याच्या खतावणीत दिसत नाही याचा अर्थ तो झालाच नाही असा नव्हे. तो आईच्या रजेतून, बापाच्या खाड्यातून आणि थोरल्या भावंडाच्या झोपेतून वसूल झालेला असतो.

कायदा काय म्हणतो पाहा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आली. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, तरतुदी त्याच आहेत. त्यात आणखी एक महिन्याची रजा आहे, आणि तेथे अकाली प्रसूतीचा उल्लेखही आहे. मी आनंदाने वाचले. पुढे समजले की ही रजा आईच्या आजारासाठी आहे. आई धडधाकट असेल आणि मूल काचेत असेल, तर कायद्याच्या लेखी काही घडलेलेच नाही! माझ्या मुलीच्या एकशे ब्याऐंशी दिवसांतले अडतीस रुग्णालयात गेले. जावई खासगी कंपनीत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी पंधरा दिवसांची पितृत्व रजा त्याला नाही, कारण खासगी क्षेत्रातल्या बापाविषयी कायदा मौन पाळून आहे. त्याने पाच दिवस किरकोळ रजा घेतली. आणि ज्या बायका आपल्या याच वस्तीतून घरकामाला जातात त्यांच्याविषयी तर हा सगळा ऊहापोहच अप्रस्तुत आहे. त्यांच्या बाबतीत रजा म्हणजे काम सुटणे.

दाराचा प्रश्न मात्र पैशाचा नाही. येथे मला इतिहासातली एक विलक्षण गोष्ट आठवते. अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून चाळीस वर्षे मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या पेट्यांत ठेवून त्यांचे प्रदर्शन मांडत असे. तिकीट पाव डॉलर. त्या पैशातून बाळांवर उपचार होत आणि आईबापांकडून तो काही घेत नसे. म्हणजे भांडवलशाहीच्या त्या जत्रेत परक्याला पाव डॉलरला बाळ बघता येई, आणि आपल्या कल्याणकारी राज्यात सख्ख्या बहिणीला काचेतूनही दिसत नाही. (कूनीची व्यवस्था आपण आणावी असे मी म्हणत नाही, गैरसमज नको.) ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा आल्यावरही मुलांच्या कक्षात आईला मोजक्याच वेळी प्रवेश असे. तेथे ते दार १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर हळूहळू उघडू लागले, आणि पुढे त्यासाठी आयांना संघटना बांधून झगडावे लागले.

आपल्या देशात हे दार प्रथम कोठे किलकिले झाले, हे ऐकून तुम्हांला संतोष वाटेल. दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयात. १९६७ साली लोहियांनी जेथे अखेरचा श्वास घेतला ते विलिंग्डन रुग्णालय तेच. पुढे त्याला त्यांचे नाव मिळाले. तेथील नवजात कक्षात घरच्या माणसांना हात धुणे, बाळाला धरणे, दूध पाजणे शिकवून आत घेण्याचा प्रयोग झाला, आणि त्यावरून केंद्र सरकारने २०१७ साली कुटुंबसहभागी काळजीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आईबापांना पाहुणे न मानता परिचारिकेचे सहकारी मानावे, हा त्याचा गाभा. सप्तक्रांतीत पहिले स्थान स्त्री-पुरुष समतेला देणाऱ्या माणसाच्या नावाच्या रुग्णालयात बापाच्या हाती वाटी-चमचा आला, हा योगायोग मला गोड वाटतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावच्या स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बालके वाचविता येतात हे दाखविले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातूनच आज आशाताई बाळाच्या घरी येऊ लागल्या. २०११ साली योजना देशभर आली तेव्हा या सगळ्या भेटी मिळून त्यांना अडीचशे रुपये मिळत. हा आकडा मी पुन्हा उच्चारणार नाही, पण तुम्ही विसरू नका.

मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती सर्वत्र पाळली जात नाहीत. आणि जेथे पाळली जातात तेथेही थोरल्या भावंडाचा विचार क्वचितच होतो.

आमच्या घरी वळण मिळाले ते एका परिचारिकेमुळे. तिने माझ्या मुलीला विचारले, 'मोठीला काय सांगितलंय?' आणि उत्तर ऐकून म्हणाली, 'खरं सांगा, आणि रोज काही तरी आकडा सांगा. मुलांना आकडा कळतो.' त्या रात्री मुलीने थोरलीला जवळ घेऊन सांगितले की बाळ घाईने आले, ते कोणाच्या म्हणण्याने आले नाही, त्याचे फुप्फुस अजून शिकते आहे. 'मग मी नाही केलं?' तिने दोनदा विचारले. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत ती स्वतः वजन लिहू लागली. एक दिवस वजन वीस ग्रॅमने घसरले तेव्हा ती जेवली नाही. मला बसून समजावावे लागले की आकडे असे खाली-वर होतात. बाजारभावावर मी इतकी वर्षे बोललो, पण एवढी मनापासून ऐकणारी विद्यार्थिनी मला कधी लाभली नव्हती. तिने काढलेले चित्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून परिचारिकेने बाळाच्या पाळण्याला चिकटविले.

अडतिसाव्या दिवशी बाळ घरी आले. वजन एक हजार नऊशे चाळीस. घरात शिरताना बाळ जावयाच्या हाती होते. हेही त्या परिचारिकेचेच सांगणे : आईचे हात थोरलीसाठी मोकळे हवेत. मग साबणाने हात धुऊन, पलंगावर पाठीशी उशी घेऊन ती बसली आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवले. तिने बराच वेळ काही केले नाही. नंतर म्हणाली, 'ही तर लहानच आहे अजून.' तिच्या मनात पाच आठवड्यांत बाळ बरेच मोठे झाले असावे.

बारसे आम्ही पुढे ढकलले. भेटीस येणाऱ्यांना दीड महिना थांबविले, त्यात काही नाती दुखावली. छातीशी उघडे बाळ धरण्याची जी पद्धत पेट्यांच्या टंचाईतून १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात निघाली, ती घरीही चालू ठेवावयाची होती. जन्मल्याबरोबर ती सुरू केली तर मृत्यू चतुर्थांशाने घटतात असे २०२१ साली पाच देशांतल्या चाचणीत दिसले. त्यांत भारत होता. आई दमली की जावई, जावई कामावर गेला की मी. पासष्टी उलटलेल्या माझ्या छातीचा असा उपयोग होईल हे मला ठाऊक नव्हते. थोरली शेजारी बसून घड्याळ पाही आणि वेळ संपली की मला उठवी, कारण बाळापूर्वी मीच झोपी जात असे. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, कानांची तपासणी, यांच्या तारखाही तिच्या कालनिर्णयवर होत्या.

पाटणच्या त्या गृहस्थाचा थोरला आईकडे परतला तेव्हा आईच्या मांडीवर आयतेच दुसरे मूल बसलेले त्याला दिसले. तीन आठवडे तो आईजवळ गेला नाही, बापाच्याच पाठीला चिकटून राही. आता हळूहळू निवळतो आहे. आमच्या नातीहून तो कमी समजूतदार नव्हता. त्याला चौकट आणि आकडा देण्याइतका वेळ त्याच्या घरात कोणापाशी नव्हता, एवढाच भेद.

आणि काही घरांत तर वाट पाहणेच राहिले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्यांतल्या कितींना थोरले भावंड होते, आणि त्याला कोणी काय सांगितले, हे कोणत्या चौकशी अहवालात येणार?

निवेदनाचा मसुदा येथे मेजावर ठेवला आहे. मूल विशेष कक्षात असेल तितके दिवस आईच्या रजेत वाढवून मिळावेत, बापाला पगारी रजा असावी, असंघटितांना तितक्या दिवसांची मजुरी कल्याण मंडळांतून मिळावी, आणि २०१७ ची तत्त्वे आपल्या शहरातल्या प्रत्येक कक्षात लागू व्हावीत, अशी त्याची कलमे आहेत. शेवटचे कलम घरी तयार झाले आणि ते हास्यास्पद वाटेल म्हणून मी काढून टाकणार होतो, पण माझ्या मुलीने ते काढू दिले नाही : कक्षाच्या दाराला खालच्या बाजूसही, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक काच असावी. सह्या करताना ते वाचून घ्या. टोळीतल्या चौदा जणांनी काल रात्री सह्या केल्या आहेत.