पंगतीला पुरणारा ग्रिल : वेबर की नेपोलियन?



मे महिन्याचा शेवटचा सोमवार, म्हणजे मेमोरियल डे, जवळ आला की मोठ्या दुकानांच्या दारात ग्रिलच्या रांगा लागतात. आणि आपल्या मंडळींमध्ये एक प्रश्न फिरू लागतो : "या वर्षी चांगलासा ग्रिल घ्यायचाय. वेबर घेऊ की नेपोलियन?" आज त्याच प्रश्नाबद्दल बोलू या.

नेहमी पुढे येणारी दोन मॉडेल्स घेऊ. एक वेबरचा जेनेसिस एस-४३५. वेबर ही शिकागोकडची कंपनी, १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी बनवलेल्या गोल, झाकणाच्या कोळशाच्या ग्रिलमुळे नावारूपाला आलेली. दुसरा नेपोलियनचा प्रेस्टीज प्रो ५००. ही कंपनी कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या बॅरी गावची. दोन्ही ग्रिल भक्कम आहेत, दोन्ही खिशाला चांगलीच चाट लावतात, आणि नेपोलियन साधारणपणे काहीशे डॉलरनी जास्तच महाग पडतो.

दुकानातला माणूस आधी बीटीयूचे आकडे सांगतो. बीटीयू म्हणजे तासाला किती गॅस जळेल याचं माप. जाळी किती तापेल हे त्यावरून थेट कळत नाही. या दोन्ही ग्रिलमध्ये चार मुख्य बर्नर आहेत आणि दोन्हींची बेरीज ४८,००० बीटीयूच आहे. फरक जाळीच्या आकारात आहे. वेबरची मुख्य जाळी ६४६ चौरस इंचांची, नेपोलियनची ५०० चौरस इंचांची. भागाकार केला तर वेबरला दर चौरस इंचामागे सुमारे ७४ बीटीयू मिळतात, नेपोलियनला ९६. म्हणजे नेपोलियनची आच जास्त एकवटलेली, तर वेबरवर सात-आठ कणसं जास्त मावतात. पंचवीस-तीस माणसं जेवायला असतील तर ही सात-आठ कणसं फार मोलाची.

आता जादा बर्नर पाहू. वेबरमध्ये मुख्य जाळीखालीच एक १३,००० बीटीयूचा बर्नर आहे, मांसाला वरून पटकन खरपूस रंग आणण्यासाठी. शिवाय १२,००० बीटीयूचा साधा साइड बर्नर, आपल्या घरातल्या शेगडीसारखा. नेपोलियनमध्ये मागच्या भिंतीत १८,००० बीटीयूचा इन्फ्रारेड बर्नर आहे, फिरत्या सळईवरच्या अख्ख्या कोंबडीसाठी. आणि त्याचा साइड बर्नरही इन्फ्रारेडच, १४,००० बीटीयूचा. त्यातली चिनी मातीची फरशी लालबुंद तापते. कंपनी १८०० अंश फॅरनहाइटपर्यंतचा आकडा सांगते.

कागदावर नेपोलियन जिंकला असं वाटेल. पण थांबा. आपल्या घरी जेवायला कोण येतं, हे आधी आठवा.

इथला ग्रिलचा मोसम लेबर डेपर्यंत, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत चालतो. याच दिवसांत आषाढी एकादशी येते, श्रावण येतो, कधी गणपतीही येतात. याच दिवसांत कुणाचे आई-बाबा, कुणाचे सासू-सासरे पुण्या-नाशिकहून आलेले असतात. त्यामुळे एकाच पार्टीत कबाब खाणारे असतात, श्रावण पाळणारे असतात, आणि जन्मात अंडंही न खाल्लेले असतात. ग्रिलभोवती गर्दी, आणि बाजूच्या खुर्चीवर एखाद्या मावशी काकडीच्या चकत्या घेऊन बसलेल्या, हे चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. विचारलं तर म्हणतात, "मला भूकच नाही हो." भूक असते. पण चिकनच्या जाळीवरचं कणीस त्यांना चालत नाही, आणि तसं सांगून यजमानाला अवघडून टाकायचं नाही, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्यासारख्यांनी निवड करताना आधी साइड बर्नर पाहावा. झाकणाखाली जाळी कितीही मोठी असली तरी धूर एकच असतो आणि खाली चरबी गोळा करणारा ट्रेही एकच. अर्धी जाळी शाकाहारी ठेवली तर ते काहींना चालेल, काहींना अजिबात चालणार नाही. साइड बर्नर मात्र झाकणाच्या बाहेर असतो. त्यावर स्वतंत्र कढई ठेवली की ती वेगळी चूलच झाली. वेबरच्या साध्या साइड बर्नरवर पावभाजीची भाजी रटरटत ठेवता येते, साबुदाण्याची खिचडी परतता येते, चहासुद्धा होतो. नेपोलियनचा साइड बर्नर मांसाला दोन मिनिटांत खरपूस करण्यासाठी बनवलेला आहे. मंद आचेवर भाजी शिजवणं हे त्याचं काम नव्हे. भरताचं मोठं वांगं त्यावर धरलंत तर साल जळेल आणि आतला गर कच्चा राहील. वांग्याला मुख्य जाळीवर मध्यम आच आणि वर झाकण, हेच बरं.

याचा अर्थ नेपोलियन घेऊ नये असा नाही. तुमचा गोतावळा मासे-मटण खाणारा असेल, रविवारी दहा-बारा माणसं येत असतील आणि फिरत्या सळईवरची तंदुरी कोंबडी ही तुमच्या घरची खासियत व्हावी असं वाटत असेल, तर मागच्या बर्नरचे पैसे वसूल होतील. सळई आणि मोटर त्या किमतीत येते का, तेवढं दुकानात विचारून घ्या. आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी बाहेर वापरायची एक स्वस्तातली प्रोपेनची शेगडी सोबत घ्या. पंगत मोठी आणि मिश्र असेल तर मात्र वेबर सोयीचा. दुकानात जाताना आपल्या कढईचं माप घेऊन जा. साइड बर्नरवर ती नीट बसते का, ते तिथेच कळेल.

एकच जाळी वापरणं ज्यांना चालतं त्यांच्याकडेही क्रम सांभाळा. आधी कणसं, पनीर, सिमला मिरची, वांगी, मग चिकन. चिमटे आणि ताटं दोन वेगळी. चिकनचा आतला भाग १६५ अंश फॅरनहाइटला पोचला की नाही हे थर्मामीटर खुपसून बघा. वरच्या रंगावर जाऊ नका. आणि कुणी विचारलं, "ही जाळी वेगळी आहे का?" तर खरं उत्तर द्या.

आता गॅसचा हिशेब. २० पौंडांच्या भरलेल्या प्रोपेन सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू असतात. पण बदलून मिळणाऱ्या सिलिंडरमध्ये बरेचदा १५ पौंडच गॅस भरलेला असतो. तेवढ्यावर चारही मुख्य बर्नर पूर्ण आचेवर पावणेसात तास चालतील. नेपोलियनचे सगळे बर्नर मिळून ८०,००० बीटीयू होतात. ते एकदम लावले तर चार तासांत सिलिंडर रिकामा. तेव्हा दुसरा सिलिंडर घराबाहेर, उभा आणि तयार ठेवा. घरी पाइपचा गॅस असेल तर ते खरेदीआधीच सांगा. दोन्ही ग्रिल प्रोपेन आणि नॅचरल गॅस अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतात, आणि मागाहून बदल करणं सोपं नसतं.

टाउनहाउस किंवा कॉन्डोत राहणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी असोसिएशनचे नियम आणि गावाचे अग्निसुरक्षेचे नियम वाचावेत. बाल्कनीत गॅसचा ग्रिल लावायला पुष्कळ ठिकाणी मनाई आहे. पाऊस आला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सिलिंडर जोडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस बंद करा. आणि पेटवताना झाकण नेहमी उघडं.

तर मंडळी, दुकानात आकड्यांची भेंडोळी समोर आली की मागच्या उन्हाळ्यात तुमच्या घरी कोण कोण जेवलं, आणि कोण नुसतं बसून होतं, ते आठवा. या वर्षी त्या मावशींच्याही ताटात गरम काहीतरी पडलं पाहिजे. ते ज्या ग्रिलवर जमेल, तो तुमच्यासाठी चांगला.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार!