नाव नको, कुवत तपासा



कमी वापरात असलेल्या ब्राउझरना बँकांच्या संकेतस्थळांनी दारातच अडवायचे, अशी एक चाल पडली आहे. ती सुरक्षिततेच्या नावावर चालते. पण तिने सुरक्षितता वाढत नाही, काही ठिकाणी तर घटते, हे मला आज मांडायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास सुरू झाले. अकोल्याच्या दालमिलवाल्याला तुरीचे पैसे आणि वरुडच्या संत्रा व्यापाऱ्याला बागेचा इसार रात्री अकरालाही पाठवता येऊ लागला. त्या वेळी शाखेला कुलूप असते, संकेतस्थळ हीच शाखा. तिथे ‘हा ब्राउझर चालणार नाही’ अशी पाटी लागली, की चोवीस तासांची सोय त्या खातेदारापुरती कागदावरच राहते.

ही अडवणूक होते कशी? पान मागताना प्रत्येक ब्राउझर आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. तिला यूझर एजंट म्हणतात. सर्व्हर ती वाचतो, आपल्या यादीशी ताडतो आणि नाव नसेल तर परत पाठवतो. गंमत अशी, की ही ओळ ब्राउझर स्वतःच लिहितो आणि ती कोणालाही फुकटच्या एक्स्टेन्शनने बदलता येते. खुद्द क्रोमची ओळ आजही ‘मोझिला/५.०’ अशी सुरू होते आणि पुढे तिच्यात सफारीचेही नाव येते. याचे मूळ नव्वदच्या दशकात आहे. तेव्हा काही संकेतस्थळे फ्रेम असलेली पाने फक्त नेटस्केपला देत. म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररने नेटस्केपचे मोझिला हे नाव लावले आणि पुढच्यांनी तोच कित्ता गिरवला. जिथे सगळेच एकमेकांची नावे लावून फिरतात, तिथे नाव विचारून पहारा ठेवण्यात काय हशील? भामटा नाव बदलून आत शिरतो, साधा खातेदार बाहेर राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

यावर बँकांचे संगणक अधिकारी म्हणतील, जुन्या आणि कच्च्या ब्राउझरमधून खातेदाराचे पैसे गेले तर? चिंता रास्त आहे, उपाय चुकीचा. कच्चे काय ते जोडणी होतानाच तपासता येते. टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या सांकेतिक पद्धती मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. सर्व्हरने त्या नाकारल्या की ज्या ब्राउझरला नवी पद्धत येत नाही तो आपोआप गळतो, मग त्याचे नाव काहीही असो. उलट नावाच्या यादीने काय होते ते पाहा. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला विंडोज ७ ची साथ सोडली. १०९ ही तिथली शेवटची आवृत्ती. फायरफॉक्सने मात्र आपल्या ११५ क्रमांकाच्या आवृत्तीला त्यानंतरही दोन वर्षांहून अधिक काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या. विंडोज ७ वापरूच नये, हे खरेच. पण नव्या संगणकाचा खर्च पुढच्या हंगामावर ढकलणाऱ्या अडत्याला बँकेने त्या काळात ‘क्रोमच वापरा’ म्हटले असेल, तर तिने त्याला दुरुस्त होणाऱ्या ब्राउझरकडून न होणाऱ्याकडे ढकलले.

दुसरा आक्षेप खर्चाचा: प्रत्येक ब्राउझरवर चाचणी कोण करणार? कोणी करू नये. ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, एज हे सारे क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभे आहेत, म्हणून क्रोमवरची चाचणी त्यांनाही बहुतेक पुरते. झोहो या देशी कंपनीचा उला हाही त्यातलाच. केंद्र सरकारच्या देशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये त्याला पहिले बक्षीस मिळाले. एकीकडे देशी ब्राउझरला बक्षीस द्यायचे आणि दुसरीकडे बँकेत शिरायला त्याने क्रोमचे नाव सांगायचे, हा न्याय अजबच! चाचणी न झालेल्या ब्राउझरला इशारा द्यावा, पुढे जायचे की नाही ते खातेदार ठरवील. जीएसटीच्या संकेतस्थळाने तळाशी कोणत्या ब्राउझरमध्ये पान नीट दिसेल तेवढे सांगितले. सल्ला आणि बंदी यांत फरक आहे.

एकाच ब्राउझरला बांधून घेतल्याची किंमत दक्षिण कोरियाने मोजली आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे स्वतःची सीड ही सांकेतिक पद्धत आली. ती चालवायला मायक्रोसॉफ्टचे जोडसॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हएक्स लागे आणि अ‍ॅक्टिव्हएक्सला इंटरनेट एक्स्प्लोरर. त्यावर बेतलेली, ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांची कायदेशीर मक्तेदारी मोडायला डिसेंबर २०२० उजाडला. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझरच निवृत्त केला. आज क्रोमवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

राहिला छोट्या बँकांचा मुद्दा: सॉफ्टवेअर पुरवठादाराचे, आमच्या हाती काय? रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितले, तेव्हा पुरवठादारांना कामाला लावावेच लागले. मागितले की होते. म्हणून इथे बसलेल्या संचालकांना आणि व्यवस्थापकांना माझी विनंती आहे: पुरवठादाराशी कराराचे नूतनीकरण होईल, तेव्हा त्यात एक कलम घाला. ब्राउझरचे नाव पाहून कोणालाही अडवायचे नाही, जोडणीची कुवत तपासायची. आणि तोपर्यंत बंदीची पाटी काढून तिथे इशाऱ्याची लावा.